झेंडी बदलली की बोट ट्रिगरवरून बाजूला

रेंजवर नवीन आलेली मुलं पहिल्यांदा रायफलीचं विचारतात. मॅडम, कोणती घेऊ, केवढ्याला पडेल, जुनी मिळेल का? मी त्यांना आधी फायरिंग पॉइंटच्या मागे खुर्चीवर बसवते आणि अर्धा तास फक्त वाऱ्याच्या झेंड्या बघायला लावते. ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, झोपायचं कसं ते तीन-चार महिन्यांत जमतं. वारा वाचायला वर्षं जातात, म्हणून त्याची सुरुवात पहिल्याच दिवशी झालेली बरी.

आधी माप डोक्यात बसवा. ५० मीटरवर दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. त्याच्या बाहेर प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरची. पॉइंट टू टूची (.२२ इंची) मॅच, म्हणजे सामन्याची, गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटरने जाते. ताशी पाचेक किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल एवढी झुळूक, तिला जवळपास एक रिंग बाजूला नेते. तुमचा श्वास, स्लिंग (हाताला रायफल बांधणारा पट्टा), ट्रिगर सगळं अचूक असलं तरी गोळीची खूण नऊच्या रिंगवर पडते, आणि मुलं उगाच स्वतःच्या पोझिशनमध्ये चूक शोधत बसतात.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे झेंड्या १० आणि ३० मीटरवर असतात, सुती कापडाच्या, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब. दोन्ही एकच सांगतील असं धरू नका. आमच्या रेंजच्या डाव्या भिंतीलगत कडुनिंबाची रांग आहे. पश्चिमेचा वारा त्या झाडांवरून येताना गिरकी घेतो, आणि कित्येकदा जवळची झेंडी उजवीकडे उडत असताना लांबची नुसती लोंबत असते. अशा वेळी जवळचीला जास्त मान द्या. गोळीला सुरुवातीलाच धक्का बसला की पुढच्या सगळ्या अंतरात ती तिरकी जात राहते.

आणखी एक गोष्ट कागदावर स्वतः तपासून बघा. उजव्या पिळाच्या नळीतून, म्हणजे आतल्या खाचांमुळे उजवीकडे फिरत, सुटलेली गोळी आडव्या वाऱ्यात सरळ आडवी सरकत नाही. वारा डावीकडून असला की ती घड्याळातल्या चारच्या दिशेला, म्हणजे उजवीकडे आणि थोडी खाली जाते. उजवीकडून असला की दहाच्या दिशेला, डावीकडे आणि थोडी वर. आमची रेंज उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा म्हणजे चारच्या दिशेचा नऊ गुण, हे माझ्या मुलांना आता पाठ झालंय.

हे सगळं सामन्यात कसं वापरायचं? तयारी आणि सायटिंगला (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्यांना) १५ मिनिटं मिळतात. त्यातली पहिली काही मिनिटं एकही गोळी न मारता फक्त बघा. वारा लहरी वाटला तरी तो पुन्हा पुन्हा एका ठरावीक अवस्थेत येतो. समजा, जवळची झेंडी अर्धी उचललेली आणि लांबची थोडी कमी. ही अवस्था सगळ्यात जास्त वेळा येत असेल तर तीच निवडा, त्याच वाऱ्यात साइट (नेम धरायचं साधन) जुळवा आणि मग तोच वारा असताना मारा. तुमच्या साइटची एक क्लिक, म्हणजे स्क्रूचा एक खटका, खूण किती सरकवते हे पुस्तकातून घेऊ नका. शांत सकाळी दहा क्लिक एका बाजूला फिरवून पाच गोळ्या मारा आणि फुटपट्टीने मोजा.

६० गोळ्यांना ५० मिनिटं असतात, म्हणजे एका गोळीला ५० सेकंद. गोळी भरण्यापासून सुटेपर्यंत २५ सेकंद पुरतात. उरलेला निम्मा वेळ थांबायला आहे, आणि तो थांबण्यातच घालवा. झेंडी बदलली की बोट ट्रिगरवरून बाजूला, रायफल खांद्यातच, डोळ्याला विश्रांती. दोन-तीन मिनिटं गेली तरी चालतील. वारा परतला की सलग सहा-सात गोळ्या निघतात. रेंजवर टार्गेट लावणारे आमचे काका मला पहिल्या वर्षी एकदा म्हणाले होते, "मॅडम, घाई काऊन करता? झेंडी सांगते थे ऐका ना." ते वाक्य मी अजून वहीच्या पहिल्या पानावर लिहिते.

मार्चपासून नागपुरात दुसरा प्रश्न सुरू होतो, मिराजचा, म्हणजे तापलेल्या हवेच्या लहरींचा. साडेनऊ-दहाला जमीन तापली की स्पॉटिंग स्कोपमधून (खुणा बघायच्या दुर्बिणीतून) टार्गेट पाण्याखाली धरल्यासारखं हलतं. त्याला वैतागू नका, ती माहिती आहे. स्कोपचा फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणा, म्हणजे लहरी स्पष्ट दिसतील. लहरी डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा डावीकडून आहे, झेंडी पडलेली असली तरी. लहरी उकळत्या आधणासारख्या सरळ वर जाऊ लागल्या की आडवा वारा थांबलाय, किंवा आता तो दिशा बदलणार आहे. त्या क्षणी मी गोळी सोडत नाही. स्कोप मात्र असा लावा की गाल चीकपीसवरून (रायफलीवरच्या गालाच्या टेकणावरून) न उचलता डोळा तिथे पोचेल. दर वेळी मान उचलली तर पोझिशन मोडते.

उन्हाचा फटका गोळ्यांनाही बसतो. काही वर्षांपूर्वी नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सरावाला निघताना गोळ्यांची दोन पाकिटं मी स्कूटरच्या डिक्कीत ठेवली आणि वाटेत बँकेच्या कामाला पाऊण तास थांबले. रेंजवर पाकीट उघडलं तर शिशावरचं मेण मऊ होऊन बोटांना चिकटत होतं. त्या दिवशी खुणा वर-खाली अशा उभ्या पडल्या. वारा पडलेला, तरी एकाखाली एक. मी तासभर स्लिंग घट्ट-सैल करत राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच लॉटची (एकत्र बनलेल्या गोळ्यांच्या खेपेची) घरात ठेवलेली पाकिटं मारली तेव्हा खुणा पुन्हा एका जागी आल्या. तेव्हापासून गोळ्या थर्माकोलच्या डब्यात, सावलीत, आणि मारताना पाचच बाहेर. लॉटचं म्हणाल तर तुमच्या नळीला कोणता मानवतो हे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारूनच कळतं. मानवला की त्याच क्रमांकाचा साठा घ्या.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. पहिली दोन वर्षं क्लबची रायफल पुरते. तिचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि चीकपीस स्वतःला जुळवून घ्यायला शिका, नवी जर्मन रायफल काही लाखांची असते आणि परवान्याची वाटही लांब. जॅकेट मात्र स्वतःचं हवं, अंगाबरोबर, आणि जाडी-ताठपणाच्या तपासणीत बसणारं. कॅनव्हास-चामड्याच्या त्या जॅकेटात मे महिन्यात घाम डोळ्यांत उतरतो, म्हणून कपाळाला सुती पट्टी आणि आत पातळ बनियन. सकाळी तर्री पोहे खाऊन येऊ नका. पोट भरलेलं असलं की प्रोनमध्ये त्याचा ठोका पुढच्या साइटमध्ये दिसतो. पन्हं घ्या, दोन केळी खा. आणि बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी पट्टी), यात कुणालाही सूट नाही, मलाही नाही.

घरी करायचा अभ्यास एकच देते. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक गोळीआधी दोन्ही झेंड्यांचं छोटं चित्र काढा, गोळी कुठे जाईल त्याचा अंदाज लिहा, मग मारा, आणि शेजारी खरी खूण काढा. एका दिवसात २५ गोळ्या, जास्त नको. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) कांस्य घेतल्यावर आमच्याकडे एकदम मुलं वाढली. त्यातली एक आठवीतली मुलगी आता तिसऱ्या वहीत आहे. परवा तिने गोळी भरली, खांद्यात घेतली, एक मिनिट चाळीस सेकंद थांबली आणि मग दशांश गुणांत १०.६ मारला. मी घड्याळ धरून मागे उभी होते.