रोप बॅरियरचं निवेदन घेऊन निघण्याआधी

रोप बॅरियर म्हणजे रस्त्याकडेला किंवा दुभाजकात खांबांवर ताणलेल्या पोलादी दोरांचा कठडा. असे कठडे दुचाकीस्वाराला घातक ठरू शकतात, म्हणून आम्ही दुचाकीवाले खासदार-आमदारांकडे निवेदन नेतो; ही त्याच्या तयारीची यादी. सगळ्यात आधी साखळी क्रमांक, म्हणजे त्या जागेची रस्त्यावरची कि.मी. नोंद. मागच्या वेळी आमच्या निवेदनात तो नव्हता. ‘घाटातल्या वळणावरचे कठडे’ एवढंच लिहिलं होतं, आणि तो कागद महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, कारण ‘हा भाग आमच्याकडे येत नाही’ म्हणायला प्रत्येकाला मोकळीक होती. फोटो चांगले होते, सह्या भरपूर होत्या, उपयोग काहीच झाला नाही. या यादीतलं दुसरं काही सुटलं तर निभावून नेता येईल. साखळी क्रमांक सुटला तर भेटीला जाऊच नका.

तो घ्यायचा असा. राष्ट्रीय महामार्गावर कि.मी. दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा. दोन दगडांच्या मध्ये दर 200 मीटरला छोटे दगड असतात. जवळच्या छोट्या दगडापासून अंतर मोजा आणि 14/600 अशा पद्धतीने लिहा: चौदा किलोमीटर, सहाशे मीटर. कठडा जिथे सुरू होतो तिथला एक आकडा, जिथे संपतो तिथला दुसरा. मग बाजू. अभियंते डावी-उजवी बाजू साखळी वाढत जाते त्या दिशेला तोंड करून ठरवतात, तुम्ही कुठून आलात त्यावरून नाही. म्हणून ‘डावी बाजू’ एवढ्यावर सोडू नका, सोबत ‘नाशिकहून सिन्नरकडे जाताना डाव्या हाताला’ असंही लिहा. रस्ता चौपदरी झाला असेल तर जुनी साखळी आणि नवी साखळी जुळत नाही. दगडावर एक आकडा, ठेकेदाराच्या नकाशात दुसरा. दोन्ही लिहा. रस्त्याचा क्रमांकही तपासून घ्या: नाशिक-पुणे रस्ता जुन्या लोकांच्या तोंडी अजून 50 नंबर आहे, कागदावर तो 60 आहे. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश जरूर जोडा, पण ते साखळीची जागा घेत नाहीत. कार्यालयातली नोंद साखळीवरच सापडते.

त्यावरूनच रस्ता कुणाचा हे कळतं. एकाच नावाच्या रस्त्याचा काही भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, शहरातला महापालिकेकडे असू शकतो. कठड्याची मागणी चुकीच्या कार्यालयाला गेली तर ते ती पुढे पाठवतीलच असं धरून चालू नका.

मोजमापाला दोघांनी जा, एकट्याने कधीच नाही. एकाने मोजायचं, दुसऱ्याने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं, 5 मीटरचा टेप, खडू, वही. पहाटेच्या अंधारात नको आणि पावसात नको. रोप बॅरियर असेल तर दोर किती (तीन की चार), सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा जमिनीपासून किती उंच, खांबांमधलं अंतर, खांबाचा आकार, माथ्यावर टोपी आहे की नाही, हे लिहा. दोर सैल पडून लोंबत असेल तर वेगळा फोटो घ्या. उन्हात दोर सैलावतो, थंडीत ताणला जातो, त्यामुळे ताण वेळोवेळी यंत्रावर मोजावा लागतो. गाडी धडकून गेल्यावर तर लगेच. तारीख आणि वेळ टाका. आपल्याकडच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी डब्ल्यू बीमच, म्हणजे खांबांवर बसवलेला पन्हाळीदार पत्र्याचा कठडा, असतो. तिथे पत्र्याखाली किती मोकळी जागा आहे ते मोजा. पत्रा साधारण 31 सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याची वरची कड जमिनीपासून 70 सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खाली चाळीसएक सेंटिमीटर उरतात. घसरत आलेला माणूस त्यातून आत जातो आणि खांबावर आदळतो. प्रत्येक फोटोत टेप दिसला पाहिजे, आणि एका फोटोत तरी कि.मी. दगड दिसला पाहिजे. दगड नसलेला फोटो कुठल्याही रस्त्याचा असू शकतो.

आता मुद्दा. ‘दोर माणसाला कापतो’ हे वाक्य निवेदनात लिहू नका. समोरचा अभियंता पहिलं तेच खोडेल आणि पुढचं कुणी ऐकणार नाही. दुचाकीस्वार पुष्कळदा गाडीसकट पडून घसरतो आणि तेव्हा त्याला मारतो तो खांब, मग तो रोप बॅरियरचा असो की डब्ल्यू बीमचा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना, टेक्सास आणि न्यू जर्सी या राज्यांतल्या अपघातांचा 2011 चा अभ्यास आहे: दुचाकीस्वाराच्या गंभीर दुखापतीत दोर आणि डब्ल्यू बीम यांत लक्षणीय फरक आढळला नाही, काँक्रीटच्या भिंतीवर मात्र धोका कमी होता. हे आपणहून सांगा. रोप बॅरियरमुळे कारमधली माणसं वाचतात, हेही मान्य करा. स्वीडनने 1998 पासून तीन पदरी रस्त्यांवर मध्ये दोर घालून समोरासमोरच्या धडका मोठ्या प्रमाणात थांबवल्या. नॉर्वेने मात्र नवे रोप बॅरियर बसवणं बंद केलं. दोन्ही बाजू तुम्हीच मांडल्या की चर्चा वादावरून उपायावर येते.

खरा प्रश्न चाचणीचा आहे, आणि यावर जितका वेळ द्याल तितका कमी. युरोपातल्या ईएन 1317 या मानकात नेहमीच्या कठड्याची चाचणी होते ती 900 किलोची कार ताशी 100 किलोमीटरने आणि 1500 किलोची कार ताशी 110 ने आदळवून, वरच्या श्रेणींसाठी बस आणि ट्रक. त्यात मोटरसायकल नाही. दुचाकीस्वारासाठी वेगळी पद्धत आहे: माणसाच्या आकाराचा पुतळा 30 अंशाच्या कोनात, ताशी 60 किंवा 70 किलोमीटरने जमिनीवरून घसरवत कठड्यावर सोडतात. ही पद्धत स्पेनमध्ये आधी रुळली, नंतर युरोपने घेतली. म्हणून ‘चाचणी झालेला कठडा आहे’ असं उत्तर आलं की एकच विचारा: कुणासाठी झाली? देशात 2022 मध्ये रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची होती. हा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आहे, त्यामुळे तो कुणी नाकारणार नाही.

दुसरा मुद्दा अभियंत्यांना जास्त पटतो. रोप बॅरियर धडकेत वाकतो, तेच त्याचं काम. ईएन 1317 मध्ये या वाकण्याला धरून कठड्याला लागणारी जागा डब्ल्यू 1 ते डब्ल्यू 8 अशी मोजतात. डब्ल्यू 6 म्हणजे 2.1 मीटरपर्यंत. दुभाजक दीड मीटरचा आणि कठड्याला दोन मीटर लागत असतील, तर वाकलेला दोर समोरच्या मार्गिकेत येतो, जिथे कुणीतरी दुचाकीवर असतो. दुभाजकाची रुंदी टेपने मोजून, साखळी क्रमांकासह लिहा. कुणी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं किंवा समृद्धीचं उदाहरण दिलं तर शांतपणे सांगा की त्या दोन्ही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे.

मागणी ‘सगळे काढा’ अशी नको. ती मान्य होत नाही आणि नाकारायला सोपी पडते. मागा इतकंच: वळणाच्या बाहेरच्या बाजूला डब्ल्यू बीमखाली जमिनीलगत दुसरी पट्टी, घाटात आणि अरुंद दुभाजकात रोप बॅरियर नको, सैल दोर, टोप्या नसलेले खांब आणि उघडी टोकं ठरावीक मुदतीत दुरुस्त, पुढच्या सुरक्षा तपासणीत दुचाकीस्वाराचा वेगळा विचार. प्रत्येक मागणीपुढे साखळी क्रमांक. हो, प्रत्येक मागणीपुढे. सोबत इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 119 (2015) या कठड्यांच्या मार्गदर्शिकेचा उल्लेख करा, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ चाही: ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता केला नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा यंत्रणेला 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धमकी म्हणून वापरू नका, संदर्भ म्हणून द्या.

कागद आधी काढून ठेवा. माहितीच्या अधिकारात कठड्याचं चाचणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि सुरक्षा तपासणीचा अहवाल मागा. राज्याच्या कार्यालयात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महामार्ग प्राधिकरण केंद्राचं, तिथे स्टॅम्प चालत नाही. पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. उत्तराला 30 दिवस धरा. अर्जात साखळी क्रमांक नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हेच उत्तर येईल. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि स्नानं 2027 मध्ये. त्यासाठी निघणाऱ्या रस्त्यांच्या कामात कठडा कुठला लिहिलाय हे निविदेतच बघा. एकदा बसल्यावर बदलणं फार अवघड.

भेटायचं कुणाला ते रस्ता ठरवतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर खासदार. सिन्नर, देवळाली आणि इगतपुरी नाशिक लोकसभेत; चांदवड, निफाड, दिंडोरी, कळवण दिंडोरी लोकसभेत; मालेगाव आणि बागलाण धुळ्यात. म्हणजे सिन्नरच्या वाटेवरच्या मोहदरी घाटासाठी एक खासदार आणि चांदवडजवळच्या राहुड घाटासाठी दुसरे. राज्य रस्ता असेल तर आमदार. लोकसभेत प्रश्नाला किमान 15 दिवस आधी सूचना लागते, विधानसभेत तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, तेव्हा अधिवेशन तोंडावर आल्यावर जाण्यात अर्थ नाही. खासदारांच्या अध्यक्षतेखालची रस्ता सुरक्षा समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती, दोन्हीकडे प्रत द्या. वेळ साहेबांच्या पीएकडून घ्या आणि त्यांच्याशी नीट बोला. फाइल पुढे सरकते ती त्यांच्याच हातून.

पाच जण पुरे, बोलणारा एक. सगळे मोठ्या बाइकवाले नेऊ नका. सातपूर-अंबडला पाळीला जाणारा कामगार, दूध घालणारा, द्राक्षाच्या बागेवर दुचाकीने जाणारा शेतकरी, यातले दोघं तरी असू द्या. सह्यांपुढे गाव आणि मतदारसंघ हवा. निवेदन दोन पानांचं, बाकी परिशिष्टात. भेटीत दहा मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटाला नकाशा आणि साखळी क्रमांकांचा तक्ता समोर ठेवा.

रॅली काढायचीच असेल तर शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस, दोन्हीकडची परवानगी; मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट; बदललेले सायलेन्सर घरी; पक्षाचे झेंडे नकोत.

पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने स्मरणपत्र. फोन करताना आवक क्रमांक आणि साखळी क्रमांकाचा तक्ता दोन्ही समोर ठेवा, कारण पलीकडून पहिला प्रश्न ‘नेमकं कुठे?’ हाच येतो.