अंगणातल्या लाकडावरचे पाण्याचे डाग : या चुका टाळा

पावसाळा सरला की ओसरीचे खांब, फाटक, अंगणातली बंगई सगळं डागाळलेलं दिसतं. मग दिवाळीच्या साफसफाईत हाती लागेल त्यानं घासणं सुरू होतं. आधी डाग कशाचा आहे ते तर बघा!

खिळ्याभोवती, बिजागरीखाली काळा-निळा ओघळ असेल तर तो लोखंडाचा. ओलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की शाईच तयार होते. पूर्वी टॅनिनवाला हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून शाई करत, ती याच गुणावर. साग असो की बाभूळ, हा डाग साबणानं जात नाही, ब्लीचनंही नाही. तारेच्या घासणीनं तर मुळीच घासू नका. तिचे कण लाकडात अडकतात आणि पुढच्या पावसात नवे काळे ठिपके उठतात. यावर औषध एकच, ऑक्झॅलिक ॲसिड. वार्निश असेल तर आधी रिमूव्हरनं काढा, नाहीतर ॲसिड आत पोचत नाही. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम पावडर विरघळवून ब्रशनं लावा, 15-20 मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. डाग उरला तर पुन्हा. ही पावडर विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा ढोरांच्या टाक्याकडे जाऊ देऊ नका. खिळे तेच ठेवले तर डाग परत येणारच. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टीलचे लावा.

हिरवट-काळी बुरशी असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पांढरे चट्टे बहुधा बोअरच्या जड पाण्याचे असतात. खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावतीकडे, हे नेहमीचंच. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो.

हिरवट झाक असलेलं, औषध मारलेलं लाकूड असेल तर जास्तच जपा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी 1933 मध्ये शोधलेल्या या औषधाच्या मिश्रणात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. असं लाकूड पॉलिश पेपरनं घासू नका, त्याचे तुकडे चुलीत घालू नका. ब्लीचही नको, त्यानं क्रोमियम अधिक विषारी रूपात जातं.

डाग झाकायला जळकं ऑइल फासायची गावोगाव सवय आहे. त्यानं लाकूड काळं होतं, वर पॉलिशही धरत नाही. चांगली उन्हं खाऊन लाकूड सुकलं की बेलतेलाचा (उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) पातळ हात द्या. कच्चं जवसाचं तेल लवकर वाळत नाही, बुरशी धरते. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात; पसरून वाळवा.