दिवाळीच्या किल्ल्याच्या जागी गेटिसबर्ग: जॉन ब्युफोर्डची सकाळ मातीत कशी मांडावी

चाळीच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या जिन्याखाली दरवर्षी रायगड-प्रतापगड उभे राहतात. यंदा अमेरिकेच्या यादवी युद्धातला एक घोडदळ सेनापती मांडायचा असेल, तर युनियनचा, म्हणजे उत्तरेच्या सैन्याचा, जॉन ब्युफोर्ड घ्या. १ जुलै १८६३ ची गेटिसबर्ग गावाबाहेरची त्याची सकाळ एका फळीवर मावते. मात्र किल्ल्याची सवय झालेला हात इथे हमखास चुकतो, कारण इथे कडे नाहीत. शेतांमधून जाणाऱ्या बुटक्या, लांबट धारा आहेत. बघणाऱ्याला त्या जेमतेम जाणवल्या पाहिजेत.

फळी आणि माप. बारा मिलिमीटर प्लायचे २ × ३ फुटांचे दोन तुकडे घ्या आणि ३ फुटांच्या बाजू एकमेकींना भिडवा. अखंड ४ × ३ ची फळी चाळीच्या जिन्यात वळत नाही. वर प्लास्टिकचा कागद टाका, नाहीतर ओल्या मातीने प्लाय फुगतो. माप १ सेंमी = ३० मीटर. फळीची लांब बाजू उत्तरेला धरून आखू नका, चेंबर्सबर्ग पाइक या रस्त्याला समांतर ठेवा. रस्ता वायव्येकडून गावात येतो. उत्तर धरून आखलं तर तो तिरका जातो आणि हेर रिज (रिज म्हणजे धार) फळीबाहेर पडते. उजव्या कडेपासून २३ सेंमीवर गावचा चौक घ्या. तिथून रस्त्याने सेमिनरी रिज सुमारे ४० सेंमी, मॅकफर्सन रिज ६२ आणि हेर रिज ९५. चौकाच्या दक्षिणेला, उजव्या कोपऱ्याकडे, सिमेटरी हिल ही टेकडी.

माती. चाळलेली लाल माती १५ किलो आणि लाकडाचा भुसा, तीनास एक. नुसती शाडू वाळताना तडकते, आणि तडा नेमका धारेवरच पडतो. आधी अर्ध्या सेंटिमीटरचा थर द्या, मग धारा चढवा. उंची तिप्पट वाढवून दाखवली तरी धारा दीड सेंमी आणि गावच्या मध्यापेक्षा सुमारे ८० फूट उंच असलेली सिमेटरी हिल अडीच सेंमी, बस. पहिली रात्र ओलं गोणपाट झाका. ऑक्टोबरच्या उन्हात थेट ठेवलं तर सकाळी भेगा मोजत बसावं लागेल.

अळीव पेरायचा मोह आवरा. पाच दिवसांत तो बोटभर वाढतो आणि दीड सेंमीच्या धारा गिळून टाकतो. गवतासाठी हिरवा रंगवलेला भुसा भुरभुरा. अळीव फक्त मॅकफर्सन रिजवरच्या झाडीच्या ठिपक्यात, तोही कात्रीने कापून. हेर आणि मॅकफर्सन यांच्यामधला विलोबी रन हा ओढा निळ्या दोऱ्याचा. पाइकच्या उत्तरेला, रस्त्याला धरून, अर्धवट राहिलेल्या रेल्वेचा चर पेन्सिलीने दाबून काढा. सेमिनरी रिजवरच्या सेमिनरीची (धर्मशिक्षणाच्या शाळेची) इमारत म्हणजे काड्यापेटी, वर घुमटीसाठी मिरी.

सैन्य. या मापात माणूस मिलिमीटरभरही भरत नाही, त्यामुळे बाजारातले मातीचे मावळे नकोत. गोल डोक्याच्या टाचण्या घ्या, एक टाचणी म्हणजे शंभर माणसं. ब्युफोर्डच्या गॅम्बल आणि डेव्हिन या दोन ब्रिगेड मिळून सुमारे २,७००, म्हणजे २७. पण सगळ्या निळ्या लावू नका. हे स्वार घोड्यावरून उतरून लढत, आणि दर चौघांतला एक घोडे धरून मागे थांबे. म्हणून २० निळ्या धारेवर आणि ७ पिवळ्या धारेमागे. गोळीबाराची रांग किती विरळ होती, ते एवढ्यानेच कळतं. त्याच्यासोबतच्या कॅलेफच्या सहा तोफांसाठी सहा लवंगा. समोर दक्षिणेच्या सैन्यातल्या हेथच्या डिव्हिजनच्या सुमारे ७० करड्या टाचण्या पाइकवर ओळीने.

चाल. तीन वेळा टाचण्या हलवा. साडेसातच्या सुमारास पहिली गोळी गावाच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर सुटली. ती जागा फळीबाहेर येते, तिथे चिठ्ठी लावा. पहिल्या मांडणीत चार-पाच निळ्या हेर रिजवर, बाकी मॅकफर्सनवर. दुसऱ्या मांडणीत सगळ्या मॅकफर्सनवर. दहाच्या आसपास युनियनच्याच रेनॉल्ड्सचं पायदळ मदतीला पोचतं, ते तिसऱ्या मांडणीत वेगळ्या रंगाने. बघायला आलेलं कुणीतरी ‘म्हणजे पावनखिंडच की’ म्हणणारच. अर्धवट खरं आहे. बाजीप्रभूंनी एकच खिंड धरून ठेवली. ब्युफोर्ड धार सोडून मागे येत होता आणि प्रत्येक धारेची किंमत वेळेत वसूल करत होता. मागची सिमेटरी हिल आपल्या सैन्याकडे राहावी, यासाठी.

पाट्या. पोस्टकार्डाएवढ्या चार पुरेत.
१) जन्म ४ मार्च १८२६, केंटकी; लहानपण इलिनॉयमध्ये; वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी १८४८; मग ड्रॅगून्स या स्वारदळात पश्चिमेच्या सरहद्दीवर.
२) जुलै १८६२ मध्ये ब्रिगेडियर जनरल, ऑगस्टमध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत गुडघ्याला गोळी.
३) गेटिसबर्ग.
४) टायफॉइड, १६ डिसेंबर १८६३ ला वॉशिंग्टनमध्ये मृत्यू, वय ३७. मेजर जनरलची बढती त्याच दिवशी हातात पडली.

फोटो छापताना नाव पूर्ण वाचा. सावत्र भाऊ नेपोलियन बोनापार्ट ब्युफोर्ड हाही युनियनचाच जनरल, तर चुलतभाऊ अब्राहम ब्युफोर्ड समोरच्या बाजूचा, तोही घोडदळातला. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘सात बारी स्पेन्सर बंदुका’. त्या सकाळी या स्वारांकडे बहुतेक एकबारी कार्बाइन होत्या. मागून भरता येत, म्हणून आडवं पडूनही भरभर झाडता येत, एवढाच त्यांचा फायदा.

वरचा ट्यूबलाइट बंद ठेवा, त्याच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. फळीच्या डाव्या कडेला, मातीच्या पातळीवर, एक पणती किंवा आडवा टॉर्च ठेवा. सावल्या पडल्या की तिन्ही धारा एकामागे एक उठून दिसतात.

तुळशीच्या लग्नानंतर माती फोडून कुंड्यांत टाका. त्याआधी टाचण्या मोजून काढा: २० निळ्या, ७ पिवळ्या, ७० करड्या आणि पायदळाच्या जितक्या लावल्या असतील तितक्या. गॅलरीत पोरं अनवाणी पळतात.