मुलांना डाउनविंड पॅडलबोर्डिंग कसे शिकवावे

वारा पाठीवर घेऊन, त्या वाऱ्यानेच उठवलेल्या लाटांवरून फळीवर उभ्याने वल्हवत काठावरच्या एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी पोहोचणे म्हणजे डाउनविंड पॅडलबोर्डिंग. हवाईतील माउई बेटाचा मलिको ते काहुलुई हा किनारा आणि अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया नदीची घळ ही या खेळाची नावाजलेली ठिकाणे आहेत. ओरेगनमधील पोर्टलंडपासून सुमारे 100 किमी पूर्वेला, या घळीत वसलेल्या हूड रिव्हर गावी उन्हाळ्यात अनेक कुटुंबे मुलांना घेऊन येतात. पोर्टलंड परिसरातील मराठी पालकांनाही ते एका दिवसात जाऊन येण्याजोगे असल्याने पुढील मार्गदर्शनात तेच ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे.

या खेळात परतीची वाट नसते, ही गोष्ट पालकांनी सर्वप्रथम समजून घ्यावी. दहा वर्षांचे मूल 12 नॉटच्या (ताशी सुमारे 22 किमी) वाऱ्याविरुद्ध वल्हवत मागे येऊ शकत नाही, त्यामुळे जे काही ठरवायचे ते काठ सोडण्यापूर्वीच ठरवावे लागते. मूल किती वर्षांचे आहे याला माझ्या मते दुय्यम महत्त्व आहे. खोल पाण्यात न घाबरता पोहता येणे, फळीवरून पडल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा वर चढता येणे आणि सांगितलेले पहिल्या हाकेला ऐकणे, या तीन गोष्टी जमत नसतील तर आणखी एक उन्हाळा थांबावे.

साहित्याची निवड मुलाच्या मापाने करावी. मोठ्यांच्या 14 फुटी, अरुंद डाउनविंड फळ्या वेगवान असल्या तरी लहान मुलाला त्या वळवता येत नाहीत; सुमारे 9 ते 10 फूट लांबीची, रुंद आणि स्थिर फळी, अगदी हवा भरण्याची असली तरी, सुरुवातीला पुरते. वल्हे मुलाच्या उंचीपेक्षा साधारण 15 ते 20 सेंमी लांब, लहान पात्याचे आणि मुठीत मावेल अशा बारीक दांड्याचे असावे. लाइफ जॅकेट अंगावरच हवे, फळीला बांधलेले चालणार नाही. 13 वर्षांखालील मुलांसाठी अमेरिकेत तो कायदाच आहे. फळी आणि मूल यांना जोडणारी लीश तितकीच महत्त्वाची आहे, कारण सुटलेली फळी वाऱ्याबरोबर इतक्या वेगाने पुढे जाते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. कोलंबियाचे पाणी वसंतात वितळत्या बर्फामुळे बरेच थंड असते, म्हणून अंग उबदार ठेवणारा वेटसूटही घ्यावा.

पहिले धडे निवाऱ्याच्या पाण्यात द्यावेत. हूड रिव्हरला द हुक नावाचा आडोशाचा भाग नवशिक्यांसाठीच ओळखला जातो. तेथे मुलाला आधी मुद्दाम पडायला शिकवावे: फळीपासून दूर, पाण्यावर आडवे, वल्हे हातात घट्ट धरून. वर चढताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने, फळीच्या मध्याजवळून पाय मारत चढावे, नाहीतर वाऱ्याने ढकललेली फळी अंगावर येते. त्यानंतर गुडघ्यांवर बसून वल्हवणे आणि पोटावर झोपून हातांनी वल्हवणे शिकवावे. अंग जितके खाली, तितका वारा कमी लागतो, आणि थकलेल्या मुलाला काठ गाठून देणारी हीच युक्ती असते. ‘गुडघ्यावर बसणे म्हणजे हरणे’ असे मोठ्यांनी चेष्टेतही म्हणू नये.

आता वारा. ऐन उन्हाळ्यात पश्चिमेकडील समुद्रावरची थंड हवा घळीतून पूर्वेच्या तापलेल्या पठाराकडे ओढली जाते, तर नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडल्यामुळे येथील लाटा उभ्या आणि जवळजवळ उठतात. दुपारी वारा 20 नॉटच्या पुढे जाणे येथे नित्याचे आहे आणि तो मुलांचा वारा नव्हे. 8 ते 12 नॉट, म्हणजे ताशी 15 ते 22 किमी, एवढा वारा पुरे. पाण्यावर कुठेकुठे पांढरे तुरे दिसू लागणे ही त्याची साधी खूण, आणि सगळीकडे तुरेच तुरे दिसले तर त्या दिवशी काठावर बसून लाटा पाहाव्यात.

पहिली फेरी अर्ध्या ते एक किलोमीटरची आणि काठालगतची असावी. नदीच्या मधल्या मार्गाने मालवाहू बार्ज जातात, त्यांना चटकन थांबता येत नाही, म्हणून तो मार्ग मुलांसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावा. शेवटच्या काठावर गाडी आणि एक माणूस आधीच हजर ठेवावा. प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस असावा, आणि त्याने अक्षरशः मागेच राहावे: वाऱ्याबरोबर पुढे जाऊन मुलाला गाठणे सोपे असते, वाऱ्याविरुद्ध मागे येणे फार अवघड. मागच्याची हाक वाऱ्याबरोबर मुलापर्यंत पोहोचते, मुलाची मात्र मागे पोहोचत नाही, त्यामुळे वल्हे डोक्यावर आडवे धरले की ‘थांबा’ अशी खूण आधीच ठरवावी.

लाट पकडण्याचे कौशल्य मुळात पाहण्याचे आहे. मुले मागे वळून येणारी लाट शोधतात आणि तोल घालवतात. त्यांना पुढे पाहायला, दोन लाटांमधला खळगा शोधायला सांगावे. फळीची शेपटी उचलली गेल्याचे तळपायांना जाणवले की तीन-चार छोटे, झपाट्याचे हात मारून टोक त्या खळग्याकडे वळवावे. फळी घसरू लागली की वल्हवणे थांबवून गुडघे वाकवावेत आणि वल्ह्याचे पाते पाण्यावर हलकेच टेकवावे. टोक पाण्यात शिरू लागले तर एक पाऊल मागे, वेग मंदावला तर एक पाऊल पुढे. बहुतेक मुले प्रत्येक लाटेमागे धावून पाच मिनिटांत दमतात, म्हणून ‘दोन सोड, तिसरी घे’ हा खेळ लावून द्यावा.

कोकणात किंवा गोव्यात हे शिकवायचे झाल्यास वाऱ्याची वेळ पाहावी. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि मुलाला थेट खोल पाण्यात नेतात, म्हणून त्या वाऱ्यावर ही फेरी कधीही करू नये. दुपारचे खारे वारे आणि भरतीचे पाणी खाडीत आतल्या बाजूला नेत असेल, तर ते सुरुवातीसाठी बरे. ओहोटी लागल्यावर मात्र मालवणजवळच्या देवबागसारख्या, नदी समुद्राला मिळते अशा संगमाच्या जवळपासही मुलांना नेऊ नये. पावसाळ्यात अर्थातच काठावरच राहावे.

पुढची प्रगती करताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: वारा वाढला असेल त्या दिवशी अंतर निम्मे करावे, अंतर वाढवायचे असेल तर मवाळ वाऱ्याचा दिवस निवडावा. हूड रिव्हरच्या पश्चिमेकडील व्हिएंटोपासून हूड रिव्हरपर्यंतची ही सुमारे 13 किमीची सुप्रसिद्ध फेरी मुलाला दाखवावी, पण काठावरून. ती प्रत्यक्ष करण्यासाठी अनेक छोट्या फेऱ्यांत, कोणी न सांगता, ते स्वतःहून गुडघ्यांवर बसून काठाकडे वळलेले आपण पाहिलेले असावे.