भिंत रंगवण्याआधी कागद वाचा

रस्त्यावरच्या भिंती रंगवून पोट भरता येते का, असे कलाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुले मला हमखास विचारतात. येते, पण भिंत विकता येत नसल्यामुळे नेमके काय विकायचे हे आधी ठरवावे लागते आणि ते न ठरवता उतरलेले बरेच जण ‘प्रसिद्धी मिळेल’ या आश्वासनावर फुकटात राबतात.

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत रिकाम्या जाहिरातफलकांच्या काळ्या कागदावर खडूने चित्रे काढत असे. त्याबद्दल पैसे तर मिळत नव्हतेच, उलट पोलीस पकडत. मात्र प्रवाशांच्या रोज नजरेखालून जाणाऱ्या त्याच रेषेच्या जोरावर १९८२ मध्ये त्याचे गॅलरीत प्रदर्शन भरले आणि १९८६ मध्ये टी-शर्ट व बिल्ले विकणारे स्वतःचे दुकान त्याने काढले. खरी ओळख गुप्त ठेवणारा ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सी याच्या वतीने अस्सलपणाचे दाखले देणारी संस्था रस्त्यावरच्या कामांना दाखला देत नाही, त्यामुळे त्याचा बाजार प्रामुख्याने कागद आणि कॅनव्हासभोवती फिरतो. २०१८ च्या लिलावात हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने अर्धे फाटलेले त्याचे चित्र २०२१ मध्ये सुमारे १.८६ कोटी पौंडांना गेले. (या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही.)

आपल्याकडची वाट निराळी आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा असल्याने परवानगी आणि प्रायोजक घेऊनच मोठे काम उभे राहते. २०१४ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवणारे, एके काळी हरियाणात भिंतींना चुना मारणारे रणजित दहिया असोत, की २०१७ चा ससून डॉकचा कलाप्रकल्प असो, मागे रंगकंपनीचे पाठबळ होते. प्रायोजक आला की कराराचा कागद येतो, आणि नवखा चित्रकार नेमका तिथेच गाफील राहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुमची भिंत उद्या कॅलेंडरवर छापली गेली तरी हरकत घेणे अवघड. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ग्राहकास केवळ अमुक वापराची मुभा’ हे वाक्य करारात आग्रहाने घालून घ्या. कलम ५७ चे नैतिक हक्क (कलाकृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्यासारखे) मात्र कॉपीराइट गेला तरी उरतात; दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प काढून त्याची हेळसांड झाली तेव्हा ते घडवणारे शिल्पकार अमरनाथ सहगल २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले ते त्याच आधारावर.

दर चौरस फुटावर लावतात, परंतु संकल्पचित्राचे मानधन, परांची किंवा क्रेनचे भाडे आणि विमा कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळींत दाखवावेत आणि आगाऊ रक्कम हाती आल्याखेरीज सामान उतरवू नये. त्याआधी भिंतीच्या पायथ्याशी तळहात फिरवून पाहावा. लोणा (क्षाराची पांढरी भुकटी) लागलेला असेल तर ओल आतून आहे, आणि ती दुरुस्त करून देणे ही मालकाची जबाबदारी आहे हे लिहून घ्यावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे निघाल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

गॅलरीत जाताना भिंतींचे फोटो ओळख म्हणून पुरतात. विक्रीसाठी गॅलरीला कॅनव्हास किंवा मर्यादित छापील प्रती लागतात. गॅलरीचा वाटा अनेकदा किमतीच्या निम्म्यापर्यंत जातो, तेव्हा थेट विक्रीचा भावही तोच ठेवावा, अन्यथा पुढच्या वेळी तीच गॅलरी दार उघडत नाही.