चर्चबरोबर रस्त्यावरच्या माणसांसाठी काम करायचंय? मग डिसेंबरात नको, जूनमध्ये या

डिसेंबर लागला की मला दरवर्षी चार-पाच फोन ठरलेले, अरे तुमच्या चर्चकडनं ते ब्लँकेट वाटतात ना, आम्हाला पण यायचंय, पोरांना पण घेऊन येतो, बघू देत जरा. मी म्हणतो या की, पण जूनमध्ये या. की मग पलीकडचा माणूस हो हो बघूया म्हणतो आणि विषय संपतोय. चेष्टा नाही करालोय, नाताळाच्या आसपास आमच्याकडे माणसं इतकी होतात की बसस्टँडच्या एका आज्जीला एका रात्रीत तीन ब्लँकेटं मिळाली होती, आणि तीच आज्जी जुलैत, बेळगावचा पाऊस धरून बसलेला, खालची गोणपाटं भिजलेली, तेव्हा तिच्याकडे जायला आम्ही दोघंच, एक स्कूटर आणि एक डबा.

मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, रविवारची सुट्टी, आणि आठ वर्षं झाली चर्चच्या या ग्रुपबरोबर फिरतोय. त्यातनं जे कळलं ते लिहितोय, कुणाला खरंच यायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे जायचं कुठं. कॅथलिक चर्च असेल तर रविवारची मिसा, म्हणजे मोठी प्रार्थना, झाल्यावर पॅरिश ऑफिसात जाऊन विचारा की इथं व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी आहे का. ही जुनी संस्था, 1833 ला पॅरिसमध्ये कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेली, आणि त्यांची पद्धत म्हणजे गरिबाला ऑफिसात बोलवायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं, तेही जोडीनं. एकट्यानं जायचं नाही हा नियम मला आधी उगाचचा वाटायचा, आता वाटत नाही. मेथडिस्ट किंवा दुसऱ्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सर्व्हिस संपल्यावर पास्टरना नाहीतर महिला मंडळातल्या कुणा अंटींना गाठा, खरी माहिती अंटींकडेच असते. आपल्याकडे कुठं कोकणी, कुठं कन्नड, कुठं इंग्लिश, कुठं मराठी असं चालतंय, त्यामुळे भाषेची काळजी नको, मराठीत विचारलं तरी कुणीतरी उत्तर देतंच. ख्रिश्चन असायला पाहिजे का, हे पण सगळे विचारतात. नाही. आमच्या ग्रुपात शहापूरचे एक रिटायर्ड कंडक्टर आहेत, कपाळाला गंध लावून येतात, सगळ्यात वक्तशीर तेच.

विचारताना तीन गोष्टी विचारा. कुठल्या वारी जाता, स्वयंपाक कोण करतं, आणि कुणी आजारी सापडला तर काय करता. तिसऱ्याचं उत्तर नीट आलं तर तो ग्रुप चांगला. नुसतं "आम्ही वाटप करतो" असं आलं तर तिथं फोटो जास्त आणि काम कमी असं समजा.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे तुम्हाला कांदे चिरायला बसवतील. बसा. नाक मुरडू नका, किचनमध्येच सगळं कळतंय. साधा हिशोब असा, 100 माणसांना 10 किलो तांदूळ आणि 3 किलो तूरडाळ, वर भाजी जी स्वस्त असेल ती. भात थोडा जास्तच शिजवायचा, कारण निम्म्यांना दात नसतात. आणि तिखट! आमच्यातल्या एकीनं पहिल्याच दिवशी घरची सवय म्हणून संकेश्वरी मिरचीचा हात सोडला आणि एका म्हाताऱ्यानं दोन घास खाऊन डबा बाजूला ठेवला, काही बोलला नाही, नुसता पाणी पीत बसला. तेव्हापासून संकेश्वरी घरी, इथं ब्याडगी, तीही रंगापुरती. गरम भात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम येऊन आंबतोय, आणि हा माणूस तो रात्री अर्धा आणि सकाळी अर्धा खाणार हे डोक्यात ठेवा. त्याला सरळ सांगायचं, मामा हे आत्ताच संपवा, सकाळला ठेवू नका, सकाळसाठी ही बिस्किटं. आणि कुंदा, ही आमच्याकडची दुधाची मिठाई, आणू नका. कुणाचा वाढदिवस असला की हमखास कुंद्याचा बॉक्स येतो, भावना चांगली आहे, पण रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांत शुगरवाले असतात, पायाच्या जखमा भरत नाहीत त्यांच्या, केळी आणा.

जेवणापेक्षा खरं तर दुसरीच गरज जास्त असते, हे मला उशिरा कळलं. इंदिरा कॅन्टीन म्हणून सरकारी स्वस्त खानावळ आहे, तिथं 5 रुपयात नाष्टा आणि 10 रुपयात जेवण मिळतंय, जो चालू शकतो तो तिथपर्यंत जातो. जो चालू शकत नाही त्याच्याकडे आपण जायचं. म्हणून डबे संपवायच्या घाईत पहिल्या दिसतील त्यांना वाटून मोकळं होऊ नका, स्टेशनच्या मागच्या बाजूला, ओव्हरब्रिजखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, जिथं माणूस पडूनच आहे तिथनं सुरुवात करायची.

आता बोलायचं कसं. उभं राहून वरनं डबा द्यायचा नाही, खाली बसायचं, निदान उकिडवं तरी. झोपलेल्याला हात लावून हलवायचं नाही, रात्री ज्याला कुणी हलवतंय तो पोलीस नाहीतर चोर, त्यामुळे तो दचकून मारायला पण उठू शकतोय, दोन हात लांब थांबून हाक मारा. मामा, अज्जा, अक्का, काहीही म्हणा, पण पहिल्या भेटीत नाव विचारा आणि पुढच्या रविवारी त्याच नावानं हाक मारा, त्या एका गोष्टीनं जे होतंय ते दहा ब्लँकेटांनी होत नाही. कन्नड चार वाक्यं तरी पाठ करा. "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, "यल्ली नोवैत्री?" म्हणजे कुठं दुखतंय. तुमचा उच्चार ऐकून तो हसला तर अर्धं काम झालं. सीमाप्रश्न तिथं काढायचा नाही, मराठी माणसाला आधी आणि कन्नड माणसाला नंतर असलं काही मनात पण आणायचं नाही, ओव्हरब्रिजखाली चौघं झोपतात त्यात एक चिकोडीचा, एक चंदगडचा, एक कुठला तेलुगू आणि एक कुठला ते त्यालाच माहीत नाही.

फोटोचं सांगतो, माझीच चूक आहे. दुसऱ्या वर्षी मी एका माणसाचा डबा घेतानाचा फोटो स्टेटसला ठेवला, चेहरा स्पष्ट. चांगला हसत होता म्हणून ठेवला. ते स्टेटस कुणीतरी फॉरवर्ड केलं आणि ते त्याच्या गावाकडे पोचलं, घरच्यांना तो पुण्यात वॉचमन आहे असं माहीत होतं. पुढच्या रविवारी त्यानं मला एवढंच विचारलं, "का टाकलास रे?" त्याच्या पुढच्या रविवारी तो तिथं नव्हता, परत कधी दिसला नाही. तेव्हापासून आमचा नियम, फोन खिशात, आणि ज्याला फोटो काढायचाच आहे त्यानं भाताच्या पातेल्याचा काढावा.

वस्तू द्यायच्या तर सीझन बघून द्या. जूनच्या आधी ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक, माणूस झोपून अंगाखाली आणि अंगावर दोन्ही येईल एवढं, ब्लँकेटपेक्षा याला मागणी जास्त. खानापूरकडे तर पाऊस विचारू नका. चप्पल देताना नंबर विचारून द्या. बायकांसाठी पॅड आणि आतले कपडे, नवीन, आणि ते बायकांनीच द्यायचे. घरातली फाटकी साडी देऊ नका, पुसायला पण चालणार नाही असलं गाठोडं लोक आणून टाकतात आणि मग ते टाकायला आम्हालाच रिक्षा करावी लागते.

महिन्यातनं एकदा आम्ही दाढी-कटिंग आणि आंघोळीचा दिवस ठेवतो, चर्चच्या मागच्या नळावर, आणि माझ्या मते नवीन माणसानं यालाच आधी यावं. एक न्हावी येतो, पैसे घेत नाही, चहा मात्र दोनदा लागतोय त्याला. गरम पाण्याच्या दोन बादल्या, लाइफबॉय, नेलकटर तीन-चार. नखं कापायचं काम माझ्याकडे. अनवाणी फिरून फिरून अंगठ्याचं नख इतकं जाड होतंय की नेलकटर बसतच नाही, आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला लावायचे, मग पुसून कडेकडेनं थोडं थोडं, मध्ये एकदम कट मारायचा नाही. शुगर असेल किंवा पाय बधिर असेल तर मी हातच लावत नाही, बुडवायला पण देत नाही, नर्स सिस्टर बघतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ना, ते बारा जण घरनं स्वच्छ धुऊन आलेले असतात, हे मी एकदा फादरना म्हटलं तर हसले आणि पुढच्या महिन्यात स्वतः बादली घेऊन आले.

आजारी माणूस सापडला तर 108 ला फोन करा, सिव्हिलला नेतात. खरी अडचण नंतर येते, तिथं पहिला प्रश्न असतोय, याच्याबरोबर कोण? कुणी नसेल तर औषध आणायला, एक्स-रेला ढकलत न्यायला, लघवीची पिशवी बदलायला सांगायला माणूस नाही. म्हणून तुम्हाला रस्त्यावर जायला जमत नसेल तर वॉर्डात चार तास बसायची ड्युटी घ्या, हे काम कुणीच मागून घेत नाही आणि सगळ्यात जास्त लागतंय हेच. जखमेत किडे दिसले तर आपण काढायला जाऊ नका, स्वच्छ कापड टाकून झाका आणि न्या.

स्वतःशीच बोलत फिरणारा, कपड्याची शुद्ध नसलेला कुणी असेल तर त्याला कोंबून गाडीत घालायचा अधिकार आपल्याला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवायची जबाबदारी पोलिसांवर टाकलेली आहे, म्हणून 112 ला कळवा, स्टेशनला जाऊन शांतपणे सांगा, बरोबर थांबा. आपल्याला जवळचं मोठं सरकारी मानसिक रुग्णालय धारवाडला आहे. एकटं लहान मूल दिसलं तर 1098, घरी न्यायचं नाही, कितीही वाईट वाटलं तरी. म्हाताऱ्या माणसांसाठी 14567, बायकांसाठी 181. हे नंबर फोनमध्ये आत्ताच टाका, तिथं उभं राहून गुगल करायला वेळ नसतोय.

महापालिकांनी बेघरांसाठी निवारा केंद्रं चालवायची असतात, लाख लोकसंख्येमागे एक असा नियम आहे, तिथं नेऊन सोडता येतं. पण प्रत्येकजण येणार नाही. कुणाचा कुत्रा असतो, कुणाची भंगाराची गाडी असते, कुणाला दारू सुटत नाही, नवराबायको असतील तर वेगळं झोपायला नको वाटतंय. एकदा नाही म्हटला तर रागावू नका, महिन्यानं परत विचारा. आमचा एक मामा अकराव्या वेळी हो म्हणाला.

कागदपत्रांचं काम ज्याला कन्नड लिहिता येतं त्यानं घ्यावं, प्लीज घ्या, आम्हा मराठी शाळेत शिकलेल्यांची नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, फजिती होतीय. 65 च्या वरच्यांना कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा पेन्शन आहे, पण आधार पाहिजे, बँक खातं पाहिजे, आणि आपल्या भागात निम्म्यांचे कागद पलीकडचे, कुणाचं रेशनकार्ड गडहिंग्लजचं तर कुणाचं कागलचं. पेन्शन त्या राज्याची, माणूस या राज्यात. रेशनचं बरं आहे, एक देश एक रेशन कार्डवर अंगठा लागला तर इथंही धान्य मिळतंय, पण शिजवायला चूल कुठाय त्याला.

एक गोष्ट नीट समजून घ्या. डब्याबरोबर पत्रक नाही, प्रार्थनेला या असं आमंत्रण नाही, काहीही नाही. धर्मांतराविरुद्धचं कर्नाटकचं बिल 2021 च्या डिसेंबरात आमच्या इथल्याच सुवर्णसौधात विधानसभेत पास झालं, 2022 ला कायदा झाला, त्यात भेटवस्तू पण आमिषात धरल्यात. 2023 ला मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं, पण कायद्याचं सोडा, भुकेल्या माणसाला अट घालून भात द्यायचा हे मुळात बरोबर नाही. कुणी स्वतःहून म्हटलं माझ्यासाठी प्रार्थना करा तर करा, मनातल्या मनात. आणि कुणी येऊन तुम्हाला हटकलं, तुम्ही काय करालात इथं, तर भांडू नका, त्याच्याही हातात एक डबा द्या आणि पलीकडच्या अज्जाला नेऊन द्यायला सांगा. दोनदा केलंय मी हे. एकजण निघून गेला, दुसऱ्यानं खरंच नेऊन दिला.

यायचं ठरलं तर आधीच सांगतो, पहिले दोन महिने दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी या, पण ठरलेला वार चुकवू नका. आमच्या आज्जीला घड्याळ कळत नाही पण रविवार कळतोय, एकदा लग्नामुळे मी नव्हतो तर बरोबरच्याला विचारलं म्हणे, "तो नखंवाला का नाही आला, मेला काय?"

येताना स्वतःची पाण्याची बाटली, एक जुना टॉवेल आणि कांद्याची सुरी आणा, चर्चची सुरी बोथट आहे.