बाळाला घेऊन एकट्यानं पाण्यात: निघण्याआधीची तयारी

नवरा बोटीवर किंवा मुंबईला, सासूबाईंचे गुडघे कुरकुरणारे, आणि बाळाला तर पाण्यात खेळवायचंय. अशा वेळी सगळी तयारी एकाच हिशेबानं करायची: आपला एक हात पूर्ण वेळ बाळावर अडकलेला आहे. उरलेल्या एका हातानं जे होणार नाही ते घरीच उरकायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

आधी जागा. ती समुद्र नसावी, हे माझं स्पष्ट मत. गुहागर, आंजर्ले, भाट्ये, आरे-वारे, सगळे किनारे देखणे. पण लाट मागून गुडघ्यावर आली की मोठ्या माणसाचाही तोल जातो आणि कडेवर बाळ असताना सावरायला हात नसतो. गणपतीपुळ्याचा समुद्र किती फसवा आहे हे कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको. मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिथलं पाणी त्यातल्या त्यात शांत, हे खरं. पण पोहणाऱ्याला शांत वाटणारं पाणी बाळाला शांत असेलच असं नाही. समुद्र हवाच असेल तर ओल्या वाळूत बसून पाय बुडवण्यापुरता. त्यासाठी कॅलेंडरात तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान आणि पाण्याला ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बाळ घेऊन पाण्याकडे फिरकायचंच नाही. ओहोटीला वाळूच्या खळग्यांत साचलेलं पाणी उन्हानं कोमट होतं, बाळाला तेवढं पुरतं. त्याला टेकवण्याआधी खळग्यात एकदा नीट बघून घ्या. पावसाळा सरताना जेलीफिश आणि पाकट (शेपटीत काटा असलेले चपटे मासे) काठाशी येतात, आणि खडकांवरची कालवं पाय कापतात. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नये.

व्हाळ, म्हणजे ओढे, आणि नदीचे डोहही नकोत. पावसात लेप्टोची, म्हणजे उंदीर-जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती, आणि वाशिष्ठीत तर मगरी आहेत. कुणीतरी हमखास सुचवेल, उन्हवऱ्याला किंवा राजवाडीला गरम पाण्याचं कुंड आहे की, बाळाला बरं वाटेल! ते पाणी बाळाच्या कातडीसाठी नाही.

राहता राहिला तलाव, म्हणजे शहरातला जलतरण तलाव किंवा ओळखीच्या होमस्टेचा. जाण्याआधी फोन करून विचारायचं. पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत की नुसती उभी शिडी? हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. शिडीला दोन हात लागतात, म्हणजे बाळाला घेऊन एकटीनं उतरताच येत नाही. शिडीच असेल तर दुसरा तलाव बघा. पाणी कमरेएवढं कुठे आहे? क्लोरीन घालतात का, की विहिरीचं पाणी भरून आठवडाभर तसंच ठेवतात? तिथे पोचल्यावर स्वतःही खात्री करा. तळाची फरशी स्वच्छ दिसली पाहिजे. नाकात झोंबणारा उग्र वास म्हणजे पाणी फार स्वच्छ, असा एक गैरसमज आहे; उलट घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. आणि शेवटचं, त्या वेळी तिथे जीवरक्षक किंवा पोहता येणारं मोठं माणूस असेल ना? गर्दी नको म्हणून मंगळवार-बुधवार निवडा, पण चिटपाखरू नसलेली वेळ निवडू नका. एकटं जायचं म्हणजे हाकेच्या अंतरावर कुणीच नको, असं नव्हे.

वेळ पाण्याच्या उबेवर ठरते. उघड्या तलावाचं पाणी सकाळी आठला गार असतं आणि दुपारभर तापून चारनंतर उबदार मिळतं. ऊनही तेव्हा उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ३२ अंशांचं पाणी लागतं, त्यामुळे आपल्याकडच्या न तापवलेल्या तलावात सहा महिने पूर्ण होऊन मान पक्की धरल्यावरच न्यावं. पुढेही पाणी ३० च्या आसपास हवं. दापोलीकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी असेल तर उन्हाळ्यापर्यंत थांबा, काही बिघडत नाही. ताप, कान वाहणं, अंगावर पुरळ असेल तर बेत रद्द. जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन दिवस थांबायचं. तलावात इतरांचीही मुलं उतरतात. पहिल्या खेपेआधी बाळाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

त्या दिवशी सकाळी तेल लावायचं नाही. यावरून घरात वाद होईल, पण खोबरेल चोपडलेलं बाळ ओल्या हातात साबणाच्या वडीसारखं निसटतं. मालीश संध्याकाळी. काजळ नको, डोळ्यांत उतरतं. गळ्यातला काळा दोरा आणि हातातल्या मनगट्या काढून ठेवा. आजीला सांगा, आल्यावर लगेच घालते. आपलं मंगळसूत्र आणि लोंबते कानातलेही घरीच, कारण घाबरलं की बाळ पहिलं तेच पकडतं. केस घट्ट बांधा.

पोहण्याचा कॉस्च्युम घरूनच घालून निघायचं, वरून सैल गाऊन. ओढणी आणि सैल कुर्ता घालून पाण्यात उतरू नका. ओला कपडा जड होतो, पायांत अडकतो. साधा डायपर पाण्यात फुगून विटेएवढा होतो, म्हणून स्विम डायपर घ्यावा. तो शू अडवत नाही, फक्त शी धरून ठेवतो, म्हणून उतरण्याच्या आधी मिनिटभर चढवायचा. पिशवी उलट्या क्रमानं भरा, जे आधी लागेल ते सर्वांत वर: बाळाचा टोपीचा टॉवेल, मग कोरडा डायपर, पुढून उघडणारं झबलं, टोपडं, मग आपला टॉवेल. खाली थर्मासमध्ये कोमट पाणी, डब्यात उकड्या तांदळाची मऊ पेज आणि ओल्या कपड्यांसाठी पिशवी. बटणांचे आणि डोक्यावरून घालायचे कपडे नकोत. दूध पाजून पाऊण-एक तास होऊ द्या.

गळ्यात अडकवायची फुगवायची रिंग ऑनलाइन स्वस्त मिळते आणि व्हिडिओत गोड दिसते. घेऊ नका. एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं) २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला होता. दंडातले फुगेही भरवशाचे नाहीत. बाळाला धरून ठेवायला आपले हातच.

घरी आधी थोडे दिवस बादलीशेजारी सराव करा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून खांद्यावर तांब्यानं पाणी ओता, म्हणजे तलावात तोच इशारा ओळखीचा वाटेल. तोंड मात्र पाण्याखाली घालायचं नाही. बाळं पाणी गिळतात आणि फार गिळलेलं पाणी त्यांच्या रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं. बाळांना कृत्रिम श्वास कसा द्यायचा हे एखाद्या प्रशिक्षणात शिकून घ्या. १०८ फोनमध्ये वर जतन करा, आणि फोन जलरोधक पाकिटात घालून काठावर ठेवा. फोटोसाठी नाही, फोटो काढायला हात रिकामा नाहीच.

उतरताना बाळ छातीशी, दुसरा हात कठड्याला, पाठ पाण्याकडे करून एकेक पायरी. पाणी बाळाच्या खांद्यांपर्यंत येऊ द्या, म्हणजे अंग वाऱ्यानं गारठणार नाही. पहिल्यांदा दहा मिनिटं पुष्कळ. ओठ निळसर, अंगावर जाळीसारखे डाग, किंवा बाळ एकाएकी गप्प झालं, तर खेळ किती रंगलाय ते न बघता बाहेर.

बाहेर आल्यावर आधी बाळ कोरडं, मग आपण. स्वतः कपडे बदलायला जाऊ नका. ओल्या कॉस्च्युमवर गाऊन चढवा, रिक्षाच्या सीटवर टॉवेल टाका आणि घरी या. बाळाला मिनिटभर म्हणून काठावर किंवा बंद गाडीत ठेवणं कटाक्षानं टाळा. घरी कोमट पाण्यानं अंघोळ, मग तेल. संध्याकाळभर त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. सतत खोकला, धाप किंवा न उठणारी पेंग दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.